माफ आहे, पण सांगू नकोस

रमजानमध्ये आमची शाळा सकाळची असते. तिसरा रोजा होता. आठवीच्या वर्गात फळ्यावर उर्दूचे शब्दार्थ लिहीत होते, तेवढ्यात मागे बाक सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर खिडकीजवळची मुलगी बाकाखाली कोसळलेली. मुलींनी एकच गलका केला, "मॅडम, रोजा लागला! रोजा लागला!"

दोघींच्या मदतीने तिला उचलून स्टाफरूममध्ये आणलं, ओढणी सैल केली, तोंडावर पाणी मारलं. सोबतच्या मुलींना वर्गात पाठवून दार लोटलं. दार लागलं तशी तिने डोळे उघडले, खोलीत आणखी कोणी नाही हे पाहून घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, पानी पिऊं? मेरा रोजा नहीं है."

तीन ग्लास पाणी प्यायली. मग रडली, आणि मग बोलली. परवापासून तिची पाळी सुरू होती. घरात अब्बा, चाचा आणि दोन भाऊ. सहरीला सगळ्यांबरोबर उठायचं, कारण नाही उठलं तर भाऊ विचारणार. पोटात कळा येत होत्या, घास उतरत नव्हता, म्हणून ताटावर नुसतं बसायचं. दिवसा अम्मी म्हणायची, चुलीपाशी जाऊन दोन घास खाऊन घे, पण कोणाला दिसू नको. चुलीपाशी चाचाची ये-जा. काल दुपारी तहान सोसवेना तेव्हा न्हाणीत जाऊन, कडी लावून, मगाने पाणी प्यायली होती. मगरिबची अजान झाली की सगळ्यांबरोबर खजूर उचलायचा, दुआ म्हणायची.

शाळेसमोरच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा मागवला. पुडा फोडायचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने तो ओढणीत गुंडाळून फोडला.

यात नवल ते काय, असं तुमच्यापैकी कितीतरी जणींना वाटेल. मलाही त्या वेळी नवल वाटलं नाही. "तब्येतीला जप," एवढंच म्हणून मी पुढच्या तासाला गेले. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. ज्या दिवसांत शरीअतने रोजा ठेवायचाच नाही असं सांगितलं आहे, त्या दिवसांत ही पोरगी उपाशी. हिला रोजाचा सवाब नाही आणि जेवणाची मुभाही नाही. ईदनंतर कजा रोजे ठेवायचे आहेतच. म्हणजे एका रोजाचे दोन उपास, तेही तेराव्या वर्षी, अंगातून रक्त जात असताना.

आणि हे सगळं कोणापासून लपवायला? घरातल्याच माणसांपासून.

मी सातवीत असताना माझी पाळी आली. अम्मीने अब्बांची जुनी सुती लुंगी फाडून घड्या करून दिल्या आणि सांगितलं, "नमाज माफ है, रोजा भी माफ है. पर किसीको बोलना नहीं." यातली माफी दीनची होती, पुढचं आमच्या गल्लीचं. पण तेव्हा ते दोन्ही मला एकच वाटलं. बरीच वर्षं वाटत राहिलं.

अम्मी वाईट नव्हती. तिला बोलताच येत नव्हतं. तिच्या जहेजमध्ये मौलाना अशरफ अली थानवींचं 'बहिश्ती जेवर' आलं होतं. त्या काळी आमच्याकडे पुष्कळ मुलींच्या पेटीत कुरआन शरीफबरोबर ते असायचं. त्यात हैजचे मसले साध्या उर्दूत, काही न लपवता दिलेले आहेत: किती दिवसांपर्यंत हैज धरायचा, कधी गुसल करायचा, कोणती कजा आहे आणि कोणती नाही. अम्मीने एक दिवस ते पान उघडून किताब माझ्या उशीवर ठेवली आणि बाहेर निघून गेली. मी वाचलं. संध्याकाळी किताब परत कपाटात. त्यावर आम्ही मायलेकी आयुष्यात एक शब्द बोललो नाही.

मी दोन भाषा शिकवते, आणि दोन्हींत या गोष्टीला आडपडदेच जास्त. दादी म्हणायची, "सर मैला है." अम्मी म्हणायची, "नमाज नहीं है." शेजारच्या काकूंच्या घरी 'कावळा शिवला' किंवा 'बाहेर बसली'. आताच्या मुली म्हणतात 'प्रॉब्लेम आला' किंवा 'डेट आली'. यात मला 'पाळी' हाच शब्द खरा वाटतो. कालव्याच्या पाण्याची पाळी असते, घरात दळण आणायची पाळी असते, तशी ही. आपली वेळ आली की येते. त्यात मैलं काही नाही आणि प्रॉब्लेमही नाही.

आपल्यात बाजूला बसवायची रीत नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. ते बरंच खरं आहे. पण लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, पापडाच्या लाटीला शिवू नको, दुल्हनच्या हळदीला पुढे जाऊ नको, हे आपल्या घरांतही ऐकू येतं. ते कुठल्या आयतीत आहे हे कोणी सांगत नाही, कारण कोणत्याच आयतीत ते नाही. गावात राहून शेजाऱ्यांकडून आपण घेतलं, शेजाऱ्यांनी आपल्याकडून दुसरं काही घेतलं. शेजाऱ्यांतही विटाळाला प्रश्न विचारणाऱ्या होत्याच. वारकरी परंपरेतल्या संत सोयराबाई, म्हणजे चोखोबांच्या पत्नी. माणसाचा देहच ज्यातून घडतो त्याला विटाळ कसं म्हणायचं, या अर्थाचा प्रश्न त्यांनी सहाएकशे वर्षांपूर्वी अभंगातून विचारून ठेवला आहे. मुलींना सोयराबाईंबद्दल सांगते तेव्हा मागच्या बाकावरच्याही मान वर करून ऐकतात.

आपल्याकडचं उत्तर तर त्याहून जुनं आहे. मदीनेत त्या काळी पाळीतल्या बाईला घरात वेगळं ठेवायची, तिच्यासोबत जेवायला न बसायची रीत काही घरांत होती. सहाब्यांनी त्याबद्दल विचारलं तेव्हा सूरह बकरामधली आयत उतरली, आणि प्रेषितांनी (स.) स्पष्ट केलं की पती-पत्नीचा शरीरसंबंध सोडला तर बाकी सारं नेहमीसारखं. हे सहीह मुस्लिममध्ये आहे. ह. आयेशा (रजि.) सांगतात, त्या पाळीत असताना प्याल्याला जिथे ओठ लावत, तिथेच ओठ लावून प्रेषित (स.) पाणी पीत. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून कुरआन पढत. मस्जिदीतून चटई दे म्हणाले तेव्हा आयेशा (रजि.) यांनी आपल्या पाळीचं कारण सांगितलं. त्यावर उत्तर आलं की ती काही तुझ्या हातात नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती ह. उम्मे सलमा (रजि.) यांची हकीकत. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. एकाच चादरीत दोघं पडलेले असताना त्यांची पाळी सुरू झाली. त्या हळूच, कळू न देता, उठून गेल्या आणि त्या दिवसांचे कपडे घालून आल्या. प्रेषितांनी (स.) विचारलं, पाळी आली का? त्या हो म्हणाल्या. त्यांनी पुन्हा जवळ बोलावून त्याच चादरीत घेतलं. हळूच उठून जाणं आपल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आमच्या आठवीतल्या पोरीलाही ठाऊक होतं. पुढचं, नाव घेऊन विचारणं आणि जवळ बोलावणं, ते आपण वाचून सोडून दिलं.

हजच्या वाटेवर मक्केजवळ सरिफला आयेशा (रजि.) रडत बसल्या होत्या, तेव्हाही असंच. त्यांनी सांगायची वाट न पाहता प्रेषितांनी (स.) स्वतः विचारलं, आणि आदमच्या साऱ्या लेकींसाठी अल्लाहनेच हे ठरवलेलं आहे असं समजावून तवाफ सोडून हजचं बाकी सगळं कर म्हणून सांगितलं. ईदच्या दिवशी पाळीतल्या बायकांनाही ईदगाहवर आणा, त्या नमाजच्या जागेपासून जरा बाजूला राहतील पण दुआत आणि खैरमध्ये सामील होतील, असा हुकूम ह. उम्मे अतिया (रजि.) सांगतात. आमच्या भागात ईदगाहवर बायका जातच नाहीत, तेव्हा पाळीतल्यांचं काय बोलायचं. तो विषय पुन्हा कधीतरी.

हा अंक घरातले पुरुषही वाचतात, हे मला पत्रांवरून कळतं. भाईजान, इथे पान उलटू नका. वर ज्याने विचारलं, तो पुरुष होता.

आणखी एक हदीस सांगते, कारण तिच्यामुळे माझा हा लेख रमजानपुरता राहिला नाही. फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) प्रेषितांकडे (स.) आल्या आणि म्हणाल्या, माझं रक्त थांबतच नाही, मी नमाज सोडून द्यावी का? त्यांना सांगण्यात आलं, हे हैज नव्हे, हे एका रगेचं रक्त आहे. हैजचे दिवस येतील तेवढी नमाज सोड, ते संपले की गुसल करून पढ. चौदाशे वर्षांपूर्वी एक बाई भर मदीनेत हे विचारू शकली आणि पाळी वेगळी, आजार वेगळा हे तिला कळलं. आज आमच्या गावात पंधरा-पंधरा दिवस रक्त जाणारी बाई कोणाला विचारते?

लातूर-बार्शी रस्त्यावरचं आमचं ढोकी गाव तेरणा साखर कारखान्यामुळे लोकांना ठाऊक. मध्ये कारखाना बरीच वर्षं बंद होता, पण मी लहान असताना दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. बैलगाड्या, कोप्या, पाचटाचा धूर. अम्मी मला तिकडे जाऊ द्यायची नाही, पण मी जायची. चिपाडाच्या कोपीत बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, पाचला फडात असते, दुपारी डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते, हे मी पाहिलेलं आहे. ती आपली पाळी कुठे सांभाळते, हा प्रश्न मला बाई असूनही तिशी ओलांडेपर्यंत पडला नाही.

तो पडला 2019 मध्ये, बीडच्या बातम्या आल्या तेव्हा. बीड आमच्या शेजारचा जिल्हा, आणि आमच्याही जिल्ह्यातून माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ऐन तिशीतल्या, काही तर पंचविशीतल्या बायकांनी गर्भाशयाची पिशवीच काढून टाकलेली होती. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायका एका ओळीत उभ्या करा, त्यांतली एक. देशभराच्या पाहणीत हे प्रमाण शंभरात तिघींच्या आसपास होतं.

कारणं ऐकली तर कोणाही बाईला लगेच समजतील. मुकादमाकडून उचल नवरा-बायको मिळून घेतात, दोघं मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस खाडा झाला की पाचशे रुपये दंड, असं बायकांनीच सांगितलं. पाळीत कंबर मोडली तरी खाडा परवडत नाही. फडावर संडास नाही, न्हाणी नाही, आडोसा नाही. कपडा धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. ओलसर कपडा पुन्हा वापरायचा. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, ताप येतो. तेव्हाही सांगायचं नाही. सोसून सोसून शेवटी दवाखान्यात गेलं की कोणी डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका. औषधाने बरं होणाऱ्या दुखण्यासाठी ऑपरेशन. त्यासाठी पुन्हा मुकादमाकडूनच कर्ज. बीडमध्ये त्यानंतर खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणाऱ्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला.

मुकादमाचा, डॉक्टरचा, कारखान्याचा दोष आहेच, तो मी कमी करत नाही. पण त्या दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायच्या आधीची जी वर्षं आहेत, ज्यात बाईने पाळीबद्दल कोणाला काही सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही, ती वर्षं मला आपल्या घरांत दिसतात. आमची पोरगी न्हाणीत कडी लावून पाणी पिते, तेही त्यातलंच.

आणि कपडा? 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्या शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. आमच्या जिल्ह्यातही गावोगाव टँकर होते. तेव्हा आठ-दहा दिवसांनी पाणी आलं की आधी प्यायचं भरायचं, मग वजूचं, मग भांड्यांचं. पाळीचे कपडे धुवायला जे उरायचं ते गढूळ, बादलीच्या तळाचं. धुतलेले कपडे दोरीवर कुडत्याखाली लपवून वाळत घालायचे, ऊन लागायचंच नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीत किती जणींना खाज आणि पुरळ होती हे मला नंतर, फार नंतर, एकेकीकडून कळलं. पाण्याच्या टंचाईवर गल्लीत रोज भांडण व्हायचं. या कामासाठी पाणी पुरत नाही, असं एकही बाई बोलली नाही.

शाळाही यात मागे नाहीत, आणि मी शाळेतलीच आहे म्हणून हे लिहायला जड जातं. 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या आश्रमशाळेतल्या एका विद्यार्थिनीने तक्रार केली की पाळी आहे म्हणून तिला झाड लावू दिलं नाही. जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना गोळा करून, कोणाची पाळी आहे हे पाहण्यासाठी त्यांचे कपडे उतरवून तपासणी केल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुख्याध्यापिकेला आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. दोघीही बायका. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन पाहिलं. कडी तुटलेली होती, डस्टबिन नव्हतं. मी तिथे दहा वर्षं नोकरी करत होते आणि त्यातलं काही मी मागितलं नव्हतं. 2018 मध्ये राज्य सरकारची अस्मिता योजना आली होती, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट. तेव्हा आम्ही शिक्षिका ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, मुलगे मैदानावर गेल्यावर वाटायचो. सरकारने उघडपणे दिलेली वस्तू आम्ही चोरीची केली.

तर तिसऱ्या रोजानंतरच्या शनिवारी मी मुलींच्या अम्मींना बोलावलं. हिशोबाने चाळीस यायला हव्या होत्या, सतरा आल्या. सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरना विनंती केली होती, त्या आल्या. सुरुवातीला कोणी बोलेना. सिस्टरनी सांगितलं की कपडा वापरायला हरकत नाही, पण सुती हवा, साबणाने धुतलेला हवा आणि उन्हात वाळलेला हवा. पॅड असो की कपडा, पाच-सहा तासांनी बदलायचा. तेव्हा मागून एकजण म्हणाली, "धूप में कैसे सुखाऊं? छत पे देवर रहता." सगळ्या हसल्या. हसल्यावर बोलायला लागल्या.

एकीने विचारलं, या दिवसांत पोरीने तस्बीह पढली तर चालते का? मी माझ्यापुरतं सांगितलं की जिक्र, दुरूद, दुआ यांना मनाई नाही. कुरआनच्या तिलावतीबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, ते आपल्या इमामसाहेबांना विचारा. "इमामसाहेबांना? हे?" ती म्हणाली. त्यांना नाही तर त्यांच्या बीबींना विचारा, म्हटलं. अन्सारच्या बायका दीन शिकताना लाजत नसत म्हणून आयेशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केलेली आहे.

एकजण गप्प बसली होती, ती शेवटी बोलली. बत्तीसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. दीड वर्ष महिन्यातून दोनदा जायचं, गाठी पडायच्या, जिना चढताना धाप लागायची. कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो डॉक्टरकडे घेऊन गेला, भला माणूस, पण तोवर तिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. आता उठताबसता हाडं दुखतात, अंगाची आग होते, रात्री झोप नाही. सिस्टरनी विचारलं, सोनोग्राफी झाली होती का, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं होतं का? तिला आठवेना. ऑपरेशनच्या वेळी अंडाशयंही काढली का, हेही ठाऊक नव्हतं. कागद सासूच्या पेटीत होते. सिस्टर म्हणाल्या, सात दिवसांहून जास्त जात असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील तर त्याच महिन्यात दाखवा, आणि पिशवी काढा म्हणाले तर जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. दोघींनी मोबाइलमध्ये फोटो काढला.

सगळं गोड झालं असं नाही. जाताना एक अम्मी माझ्याजवळ थांबून म्हणाली, "मॅडम, आप पढ़ाओ. ये सब मत बोलो. हया भी कुछ चीज है." मी तिला उम्मे सलमांची हकीकत सांगायला लागले. तिने मान हलवली, बुरखा सावरला आणि गेली. तिला पटलं नाही. तिची मुलगी नववीत आहे.

चार दिवसांनी त्या आठवीतल्या मुलीचे अब्बा शाळेत आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते नोटीस बोर्डाकडे तोंड करून उभे राहिले आणि बोर्डशी बोलल्यासारखे बोलले. "मॅडम, मेरेकू मालूम रहता. सहरी में खाली बैठती, दिखता ना. मेरी बहन भी ऐसाच करती थी, मां भी. मैं ही चुप रहता, के बच्ची को शरम आयेगी."

म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे हे फक्त तिला ठाऊक नव्हतं. त्या घरात तीन पिढ्या हे चाललं होतं. "मग तुम्हीच सांगा ना तिला," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. नोटीस बोर्डावरचं परीक्षेचं वेळापत्रक दोनदा वाचून गेले.

अठ्ठाविसाव्या रोजाला मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात आली. हातात स्टीलचा डबा. "मॅडम, इथे बसू?" मी खुर्ची सरकवली आणि सवयीने दार लोटायला उठले. "रहने दो मॅडम, हवा आती," ती म्हणाली. डबा उघडला. चपाती आणि बटाट्याची भाजी. अब्बांनी सकाळी अम्मीला डबा भरून द्यायला सांगितला होता, एवढंच ती म्हणाली.

ती खात होती तेवढ्यात तिचा सहावीतला भाऊ कंपास मागायला आला. दारातच थांबला.

"तेरा रोजा?"

"माफ है."

"अच्छा." त्याने कंपास घेतला, निघाला, आणि दारातून मागे वळून डब्याकडे पाहिलं. "आलू है क्या? शाम को मेरे वास्ते रख."